पद्मिनीचा कॅम : एका अलिखित विद्येचा इतिहास

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर लोणारचा फाटा जेथे फुटतो, तेथे सुलतानपूर हे आमचे गाव आहे. या गावात इंजिनाची ओळख डोळ्यांच्या आधी कानांना झाली. विहिरीवरचे ऑइल इंजिन आणि पिठाच्या गिरणीचे इंजिन यांच्या आवाजांतला फरक आमच्या पिढीतील पोरासोरांनाही कळत असे. मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारे जुन्या घडणीचे संथ इंजिन प्रत्येक ठोका मोजून टाकी, तर पुढे आलेली दीड हजार फेऱ्यांची इंजिने सलग बोलत. ठोका चुकला की गिरणीवाला हातातले काम टाकून आत जाई. झडप नीट बसत नाही, हे त्याला पाहावे लागत नसे, ते ऐकू येई.

प्रस्तुत लेखाचा विषय या ऐकण्याशी संबंधित आहे. मोटारीचे मूळ इंजिन बदलून ते अधिक जोरकस करताना त्यात कोणता कॅमशाफ्ट घालावा आणि त्याला कोणत्या वॉल्व्ह-स्प्रिंगा जोडाव्यात, हा वरवर पाहता निव्वळ कारागिरीचा प्रश्न. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांपुढे तो मांडण्याचे कारण एवढेच, की महाराष्ट्रात या प्रश्नाला एक इतिहास आहे आणि तो कोठेही लिहिलेला नाही. आपल्या उद्योगाचा इतिहास मराठीत आहे, आणि तो चांगलाही आहे. ‘अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक’कार गं. दे. खानोलकर यांनी वालचंद हिराचंद यांचे चरित्र लिहिले. किर्लोस्करवाडीच्या नांगरांच्या कारखान्यातून १९२० साली एक मासिक निघाले आणि त्याने मराठी वाचकाची अभिरुची घडविली. परंतु हा सारा इतिहास कारखाना काढणाऱ्यांचा आहे. कारखान्यातून बाहेर पडलेले यंत्र ज्यांनी पुन्हा उघडले, तपासले आणि आपल्या रस्त्याला जुळते करून घेतले, त्या मिस्त्र्यांच्या विद्येची नोंद कोणी ठेवली नाही. ही विद्या खऱ्या अर्थाने विद्या होती आणि तिच्या केंद्रस्थानी निवडीचा विवेक होता, असे आमचे म्हणणे आहे. ते पटवून द्यायचे तर विषयाच्या आत शिरले पाहिजे.

(१)

प्रथम पार्श्वभूमी. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. जहाजे, विमाने, साखर अशा अनेक क्षेत्रांत हात घातल्यावर त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. आरंभी क्रायस्लर या अमेरिकन कंपनीशी सहकार्य होते, नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने धोरण ठरविले, की नुसते सुटे भाग आणून मोटारी जुळविणाऱ्यांना येथे स्थान नाही. ज्यांना राहायचे त्यांनी भाग येथेच घडवावेत. जनरल मोटर्सने १९५४ साली मुंबईतली आपली जुळणी थांबविली. प्रीमियर राहिली. त्याच सुमारास फियाट ११०० ही मोटार कुर्ल्यात तयार होऊ लागली. तिच्या पहिल्या गोलसर रूपाला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. पुढे चौकोनी अंगाची ११०० डी आली, १९७२ साली ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’.

हे नाव वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ओळखीचे आहे. मलिक मुहम्मद जायसीच्या सोळाव्या शतकातील ‘पद्मावत’ काव्याची नायिका ती हीच. नाव बदलले, पण बॉनेटखालचे इंजिन तेच राहिले : ६८ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर, ७५ मिलिमीटरचा फेरा, एकूण १०८९ घनसेंटिमीटर, आणि जोर चाळीस अश्वशक्तींच्या आसपास. कॅमशाफ्ट इंजिनाच्या ठोकळ्यात खाली, झडपा वर, आणि दोहोंच्या मध्ये टॅपेट, पुशरॉड व रॉकर. ज्या इटलीत हे इंजिन जन्मले तेथे ते केव्हाच मागे पडले. कुर्ल्यात मात्र ते या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत घडत राहिले.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. परवान्यांच्या त्या काळात गिऱ्हाइकाला निवड नव्हती. मोटार नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि जी मिळेल ती घ्यावी लागे. अधिक जोराची गाडी हवी असेल तर ती विकत मिळत नसे, असलेल्या गाडीतूनच ती काढावी लागे. मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर ज्या शर्यती होत, त्यांत फियाट गाड्या धावत, आणि त्यांची इंजिने कारखान्याने दिलेल्या स्थितीत अर्थातच नसत. निवडीचा जो हक्क बाजारात नव्हता, तो गॅरेजमध्ये बजावला जाई. एकच इंजिन तीन-चार दशके समोर राहिल्यामुळे मिस्त्रीला त्याची इतकी सवय झाली, की एखाद्या पंडिताने एकाच ग्रंथावर आयुष्य घालवावे तसे झाले.

इटलीत हेच काम कार्लो अबार्थ यांनी केले. १९४९ साली स्थापन केलेल्या आपल्या कंपनीतून त्यांनी फियाटच्या साध्या गाड्या वेगवान करण्याची सामग्री विकली आणि अखेरीस १९७१ साली फियाटने ती कंपनीच घेतली. आज त्यांचे नाव गाड्यांवर मिरविले जाते. कॅलिफोर्नियात एड इस्केंदेरियन या आर्मेनियन स्थलांतरितांच्या मुलाने दुसऱ्या महायुद्धानंतर कॅम घासण्याचे यंत्र मांडले आणि त्याचे नाव त्या व्यवसायाचा पर्यायच बनले. आमच्याकडे अशी माणसे नव्हती असे नाही. त्यांची नावे उरली नाहीत, एवढाच फरक.

(२)

आता कॅम म्हणजे काय ते पाहू. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत पिस्टनला ‘दट्ट्या’ आणि वॉल्व्हला ‘झडप’ म्हटले आहे. गॅरेजमध्ये दट्ट्या कोणी म्हणत नाही. तेथे पिस्टन, वॉल, टॅपेट, टायमिंग हेच शब्द चालतात. आम्ही दोन्ही वापरू. ‘झडप’ हा शब्द आम्हांला विशेष आवडतो, कारण दाराची झडप आणि ससाण्याची झडप या दोन्ही अर्थांना तो पोटात घेतो. इंजिनातली झडप दारासारखी मिटते आणि ससाण्यासारखी झेपावते.

कॅमशाफ्ट हा एक दांडा. त्याच्यावर प्रत्येक झडपेसाठी अंड्याच्या आकाराचा एक उंचवटा असतो. मुख्य दांड्याच्या म्हणजे क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. उंचवटा टॅपेटखाली आला की झडप उघडते, उतरला की मिटते. झडप किती उघडावी, केव्हा उघडावी, किती वेळ उघडी राहावी, हे सारे त्या उंचवट्याच्या आकारात कोरलेले असते. यंत्राची ही स्मृती फार जुनी आहे. अल-जझरी या अभियंत्याने १२०६ सालच्या आपल्या ग्रंथात वर्णिलेल्या यंत्रांत कॅम आहेत. दांड्यावर उंचवटे बसवावेत, दांडा फिरावा आणि ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या गोष्टी घडाव्यात, ही कल्पना एका परीने लेखनाचीच आहे. एकदा कोरलेले पुन:पुन्हा वाचले जाते, आणि वाचणाऱ्याला त्यातले अक्षरही बदलता येत नाही.

कॅम निवडताना मोजायच्या गोष्टी मुख्यतः तीन : उचल, मुदत आणि दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याचा काळ. उदाहरणादाखल एक साधा कॅम घेऊ. पिस्टन अगदी वर येण्याच्या १० अंश आधी आत घेणारी झडप उघडते आणि पिस्टन तळाशी पोचून गेल्यावर ५० अंशांनी मिटते. म्हणजे ती १० अधिक १८० अधिक ५०, असे २४० अंश उघडी राहिली. बाहेर सोडणारी झडप याच हिशेबाने उलट : तळाच्या ५० अंश आधी उघडते, माथ्यानंतर १० अंशांनी मिटते. माथ्याच्या आसपासचे २० अंश दोन्ही झडपा उघड्या असतात. आता शर्यतीच्या वळणाचा दुसरा कॅम घेऊ. त्याचे आकडे ३०, ७०, ७० आणि ३०. मुदत २८० अंश झाली आणि दोन्ही उघड्या राहण्याचा काळ २० वरून ६० अंशांवर गेला.

या चाळीस अंशांनी काय होते? इंजिन जोरात फिरत असताना हवेला वेग आलेला असतो आणि वेग आलेली हवा सहज थांबत नाही. पिस्टन वर निघाला तरी ती आत येतच राहते, म्हणून झडप उशिरा मिटणे लाभाचे ठरते. शिवाय बाहेर धावणारा धूर आपल्यामागे ताजी हवा ओढून घेतो, म्हणून दोन्ही दारे थोडा वेळ उघडी असणेही लाभाचे. मात्र हे सारे चार-पाच हजार फेऱ्यांच्या पुढे. इंजिन सावकाश फिरत असेल तर तीच उशिरा मिटणारी झडप आत घेतलेली हवा परत बाहेर ढकलू देते, आणि धूर आत शिरून ताज्या मिश्रणात मिसळतो. गाडी उभी असताना इंजिन अडखळते, खालच्या गतीत ओढ राहत नाही आणि पेट्रोल अधिक जाते.

म्हणून या विद्येचे पहिले सूत्र असे सांगता येईल, की रस्त्यावरच्या गाडीत मोठ्या कॅमने मिळणारा वरचा जोर बहुधा खालच्या ओढीच्या बदल्यात मिळतो. कॅम निवडणे म्हणजे जोर कोठे हवा हे ठरविणे. आणि ते ठरवायचे तर गाडीचे वजन, गिअरांचे प्रमाण, कार्ब्युरेटरचे तोंड, हवा दाबली जाण्याचे प्रमाण, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी रोज कोणत्या रस्त्यावर कोणाच्या हाती चालणार, हे आधी ठाऊक असावे लागते. लांब मुदतीच्या कॅमबरोबर दाबाचे प्रमाण वाढवावे लागते, कारण झडप उशिरा मिटल्याने प्रत्यक्ष दाब घटलेला असतो. एक अक्षर बदलले की पुढचे वाक्य बदलावे लागते, तसेच हे.

(३)

कॅमबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात; स्प्रिंगबद्दल बोलणारा भेटला की तो जाणता समजावा. कॅम झडप उघडतो, पण मिटवीत नाही. मिटविण्याचे काम स्प्रिंगचे. कॅमचा उंचवटा उतरू लागला की टॅपेट त्याच्या पाठीवर टेकून खाली आला पाहिजे, आणि तो टेकून राहील की नाही हे स्प्रिंग ठरविते. गती एका मर्यादेपलीकडे गेली की झडप, रॉकर आणि पुशरॉड यांचे वजन स्प्रिंगला आवरेनासे होते. उतारावरून सायकल उडावी तसा टॅपेट कॅमवरून सुटतो आणि झडप आपल्या मर्जीने तरंगते. तेवढ्यात पिस्टन वर आला, तर दोघांची गाठ पडते.

येथेही थोडा हिशेब करून पाहावा. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, स्प्रिंग मिटलेल्या स्थितीत २५ किलोंनी दाबते आणि दर मिलिमीटरला २.५ किलोंनी तिचा दाब वाढतो. झडपेची उचल ८ मिलिमीटर असेल, तर पूर्ण उघडल्यावर दाब ४५ किलो. नव्या कॅमने उचल ९.५ मिलिमीटर केली, तर तोच दाब सुमारे ४९ किलो. वाढ आठ-नऊ टक्के. परंतु नवा कॅम ज्यासाठी घातला ती गती, समजा ५,००० वरून ६,००० फेऱ्यांवर गेली, तर झडपेला उडवू पाहणारे बल गतीच्या वर्गाने वाढते, म्हणजे ४४ टक्क्यांनी. मागणी ४४ची आणि पुरवठा आठ-नऊचा! मूळची स्प्रिंग तशीच ठेवून नुसता कॅम बदलणाऱ्याचे गणित येथे चुकते.

मग सरळ कडक स्प्रिंग का घालू नये? कारण तिचेही मोल द्यावे लागते. कॅमचा माथा आणि टॅपेट यांचे घर्षण दाबाबरोबर वाढते. तेलाचा पापुद्रा तुटला की कॅमचा माथा काही दिवसांत झिजून सपाट होतो, आणि ज्या उचलीसाठी एवढा खटाटोप केला ती उचलच नाहीशी होते. पुशरॉड वाकतात, रॉकरच्या बैठकी सैल होतात. म्हणून जाणता मिस्त्री लागेल तेवढाच दाब ठेवतो, त्याहून जास्त नाही. शिवाय स्प्रिंगला स्वतःचा एक कंप असतो. कॅमच्या ठोक्यांशी तो जुळला की स्प्रिंगच्या वेटोळ्यांतून लाट धावू लागते आणि तिचे काम बिघडते. एकात एक अशा दोन स्प्रिंगा घालण्याची रीत यासाठीच. आतली उलट्या पिळाची असते, म्हणजे एक मोडली तरी तिची वेटोळी दुसरीत अडकत नाहीत.

आणखी एक मोजमाप आहे, आणि बहुतेक अपघात त्याच्याकडे दुर्लक्ष केल्याने होतात. समजा, स्प्रिंग बसविल्यावर तिची उंची ३८ मिलिमीटर आणि सर्व वेटोळी एकमेकांना चिकटल्यावरची उंची २७. मूळ ८ मिलिमीटर उचलीला ३ मिलिमीटर अंतर शिल्लक राहत होते. ९.५ उचलीला ते दीड मिलिमीटर राहिले. एवढे पुरते. पण स्प्रिंग कडक करण्याचा आपल्याकडचा सोपा उपाय म्हणजे तिच्या बुडाशी वायसर घालणे. एक मिलिमीटरचा वायसर घातला की शिल्लक अर्धा मिलिमीटर. गरम इंजिनात, सहा हजार फेऱ्यांवर, ही अर्ध्या मिलिमीटरची शिल्लक भरवशाची नव्हे. वेटोळी चिकटली की कॅमला ढकलायला जागाच उरत नाही, आणि मग साखळीतला सर्वांत दुबळा भाग तुटतो.

(४)

ही सूत्रे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या घरी एक जुनी पद्मिनी आली. वडील शाळेत शिक्षक होते आणि वेगाचे त्यांना विशेष वेड नव्हते. वेड आमचे होते. एका मोठ्या शहरातील गॅरेजमध्ये आम्ही तिचे इंजिन उघडून घेतले. तेथे मूळचाच कॅम पुन्हा घासून त्याची मुदत आणि उचल वाढविण्यात आली. घासलेल्या कॅममध्ये उचल वाढते ती माथा उंच झाल्याने नव्हे, तर खालचे वर्तुळ लहान झाल्याने. म्हणून टॅपेट तितका खाली जातो आणि रॉकरच्या बाजूने ते अंतर भरून काढावे लागते. कॅमचा वरचा कठीण थर पातळ असतो आणि घासताना तो संपला तर खालचे लोखंड उघडे पडते. यांतले काहीच आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. स्प्रिंगखाली वायसर घातले होते, हेही मागाहून कळले.

परतीच्या वाटेवर सपाट रस्त्याला गाडी खरोखरच पळाली. गावात आल्यावर मात्र बाजाराच्या गर्दीत ती बंद पडू लागली. चार माणसे आणि मागे धान्याचे पोते घेऊन चढाला लागली, की तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात येई. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी गाडी गावातल्या मिस्त्रीकडे नेली. तो विहिरींवरची इंजिने दुरुस्त करी आणि मोटारी त्याच्याकडे क्वचितच येत. त्याने बॉनेट उघडले नाही. इंजिन चालू ठेवायला सांगितले, थोडा वेळ कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, गाडी पयते चांगली, पन उठत नाई. हा कॅम शर्यतीचा हाये, बजाराचा नाई.”

पुढे त्याने मूळ मापाचा कॅम मिळवून बसविला, वायसर काढले, मूळच्या स्प्रिंगा एकेक करून वजनकाट्यावर दाबून पाहिल्या आणि ज्या दोन नरम पडल्या होत्या त्या बदलल्या. दिवाळीत मिळणाऱ्या कंपासपेटीतला कोनमापक त्याने पत्र्यावर मोठा करून कोरला होता; तो पुढच्या पुलीवर लावून त्याने झडपांच्या उघडण्या-मिटण्याचे अंश तपासले. शहरातल्या गॅरेजने हे केले नव्हते. शेवटी कार्ब्युरेटरचा जेट आणि ठिणगीची वेळ त्याने थोडी सुधारली. गाडीला आमच्या इच्छेप्रमाणे वेग आला नाही, पण ती पुढे अनेक वर्षे चढावर दुसऱ्या गिअरखाली आली नाही.

या प्रसंगात आम्हांला तेव्हा पराभव दिसला होता. आज वाटते, की इंजिनाची सुधारणा म्हणतात ती हीच होती. शहरातील कारागिराने इंजिनाचा विचार केला आणि तो अपुरा केला. गावातील मिस्त्रीने आधी रस्त्याचा आणि गाडीत बसणाऱ्यांचा विचार केला. कॅमच्या निवडीवर जगात जी शास्त्रीय पुस्तके आहेत तीही अखेर हेच सांगतात, की निवडताना मोह होतो त्याहून एक पायरी लहान कॅम घ्यावा, आणि कॅम घडविणाराने त्यासाठी जी स्प्रिंग सांगितली तीच घ्यावी.

(५)

स्प्रिंगची ही अडचण मोठ्या कारखान्यांनाही होती. मर्सिडीजने १९५४-५५च्या शर्यतीच्या गाड्यांत झडप मिटविण्यासाठी स्प्रिंगऐवजी दुसरा कॅमच वापरला. इटलीच्या दुकातीत फाबिओ ताल्योनी यांनी १९५६ साली तीच रीत मोटारसायकलींत आणली. खालची ओढ की वरचा जोर, या पेचावर होंडाने १९८९ साली एकाच दांड्यावर दोन स्वभावांचे कॅम बसवून उत्तर शोधले : गती कमी असता एक, वाढली की दुसरा. जी निवड मिस्त्री गिऱ्हाइकाला विचारून करीत असे, ती आता इंजिन स्वतः क्षणोक्षणी करू लागले.

भारतात डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. तिचा कॅम डोक्यावर होता, पट्ट्याने फिरणारा, पुशरॉड नव्हतेच. पद्मिनीवर हात बसलेल्या मिस्त्र्यांना नवा ग्रंथ हाती घ्यावा लागला. पुढे इंजिनांचा कारभार संगणकाकडे गेला आणि कान देऊन उभे राहण्याचे प्रयोजन कमी होत गेले. कायद्यानेही दार लावून घेतले. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२वे कलम वाहनातील फेरफारांसंबंधी आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की निर्मात्याने ठरविलेली मूळ वैशिष्ट्ये बदलतील असा फेरफार वाहनात करता येणार नाही. रस्त्यावरच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने यामागचा हेतू समजण्याजोगा आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला; तो आमच्या लोणार तालुक्यातूनही जातो आणि त्यावरचा वेग पाहिला, की आमची ती जुनी हौस आम्हांलाच भयावह वाटते. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदविली गेली होती. वीस वर्षांची तिची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्यावर हळवे लेख लिहिले. रंग, छप्पर, मागचे आसन यांविषयी त्यांत पुष्कळ होते. ज्या हातांनी ही गाडी इतकी दशके चालती ठेवली, त्यांना काय ठाऊक होते याविषयी फारसे काही नव्हते.

आणि तरीही कॅम महाराष्ट्रातून गेलेला नाही. ज्या सोलापुरात वालचंद जन्मले, तेथेच १९९२ साली यतीन शहा यांनी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी काढली. देशी-विदेशी मोटार कंपन्यांसाठी तेथे कॅमशाफ्ट ओतले जातात. वाळूच्या साच्यात उंचवट्यांच्या जागी धातूचे तुकडे बसवितात. वितळलेले लोखंड त्यांना भिडताच झटकन थंड होते आणि तेवढाच भाग काचेसारखा कठीण बनतो, आतला गाभा मात्र कोरता येईल असा राहतो. १९५४ साली मुंबईतून गाशा गुंडाळणारी जनरल मोटर्स पुढे याच सोलापूरच्या कारखान्याची गिऱ्हाईक होती, हा इतिहासातला एक अर्थपूर्ण योगायोग म्हणावा लागेल.

कारखान्याचा इतिहास लिहिला जाईल, याची चिंता नाही. त्याची कागदपत्रे आहेत, भागधारक आहेत, वार्षिक अहवाल आहेत. चिंता त्या दुसऱ्या विद्येची आहे. मराठीच्या विभागांतून बोलींचे शब्दसंग्रह होतात, लोकगीते गोळा केली जातात, कुंभार आणि विणकर यांची परिभाषा नोंदविली जाते. मोटारीच्या मिस्त्रीची भाषा मात्र मिश्र आणि इंग्रजीने डागाळलेली म्हणून आपण बाजूला ठेवली. वास्तविक गाडी ‘पळते’ आणि गाडी ‘उठते’ हा जो भेद आमच्या मिस्त्रीने एका वाक्यात केला, त्यासाठी विश्वकोशाच्या परिभाषेला दोन आलेख काढावे लागले असते. ही माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे आणि इंजिन कसे ऐकायचे ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे, एवढी आमची सूचना आहे.

आमच्या गावातला तो मिस्त्री आज नाही. त्याचा पत्र्यावर कोरलेला कोनमापक काही वर्षे आमच्याकडे होता. त्यावर अंशांच्या खुणांशेजारी खिळ्याने काही अक्षरे ओरखडलेली होती. कोणत्या गाडीला किती अंश, याची ती टिपणे असावीत. त्यांतली निम्मी आम्हांला वाचता आली नाहीत, आणि त्याला विचारण्याचे तेव्हा सुचले नाही.